गच्चीवरची शेती : बटाट्याला आधी हवा, मग खत



गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच तऱ्हेचे फोटो बरेच आले. वर गुडघाभर उंच, हिरवंगार बटाट्याचं झाड आणि उपटल्यावर खाली गोट्यांएवढे चार बटाटे. सोबत प्रश्नही ठरलेला : "खत कमी पडलं का हो?"

बहुतेकांचं खत कमी पडलेलं नव्हतं. उलट जास्तच झालं होतं. कमी पडली होती ती हवा. बटाटा आपण कंदमुळांत मोजतो, पण तो मूळ नाही, खोडाचा भाग आहे. झाडाच्या बुडाशी जमिनीखाली आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. फुगायला जागा लागते आणि जमिनीखालच्या खोडाला श्वासही घ्यावा लागतो. माती घट्ट असेल तर बटाटा लहान राहतो, वेडावाकडा होतो. माती सतत चिंब राहिली तर तो आतल्या आत सडतो. अशा मातीत कितीही खत ओता, फार तर पानं वाढतील.

म्हणून या वेळी लावणीबद्दल कमी आणि मातीबद्दल जास्त बोलू. हा अंक तुम्ही वाचाल तेव्हा गणपती नुकतेच गेलेले असतील. बटाटा लावायला अजून सात-आठ आठवडे आहेत आणि माती तयार करायला साधारण तेवढेच लागतात.

सुरतेची माती चांगली आहे, पण कापसाची

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहते आणि उकाईच्या धरणातून पुढे सुरतला येते. येताना गाळ आणते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा किंवा वडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधना, लिंबायत, पांडेसऱ्याला आले. त्यांच्या खूप आधी त्यांच्या गावाकडची माती या नदीनं इथं आणून ठेवली होती.

ही काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात. कापसाला ती मानवते, कारण कापसाचं मूळ खोल जातं आणि खालची ओल शोधतं. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'संकरित-४' हे कापसाचं वाण दिलं. व्यापारी लागवडीसाठी आलेलं ते जगातलं पहिलं संकरित कापूस वाण. बारडोलीकडचा ऊस, पलीकडची केळी, हीही याच मातीची देणगी.

बटाट्याला मात्र नेमकी उलटी माती हवी. गुजरातचा बटाटा म्हटलं की नाव येतं डीशाचं, बनासकांठ्यातल्या. बनास नदीकाठची रेताड जमीन, पाणी झरकन खाली जाणारं, आणि हिवाळ्याच्या रात्री आपल्यापेक्षा बऱ्याच गार. महाराष्ट्रात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर तर पावसाळ्यातही बटाटा घेतात, कारण उंचीमुळे तिथं गारवा असतो. दोन्हीकडच्या गोष्टी एकत्र केल्या तर बटाट्याची मागणी कळते : सैल माती, निचरा आणि थंड रात्र. सुरतेत थंड रात्री फार तर तीन महिने मिळतात. त्या आपण वाढवू शकत नाही. सैल माती आणि निचरा मात्र आपल्या हातात आहे.

एक गंमत. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात सुरतेत राहिला होता. त्याच्या प्रवासवर्णनाच्या आधारे बटाट्याचा इतिहास लिहिणारे सांगतात की तेव्हा सुरतेच्या बागांत 'पोटॅटो' होता. तो आजचा बटाटा होता की रताळं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपला 'बटाटा' हा शब्द तर पोर्तुगीजांकडूनच आला. नावांचा हा गोंधळ आजही संपलेला नाही. शेजारच्या गुजराती काकी उंधियोसाठी 'रताळु' आणायला सांगतात तेव्हा त्यांना जांभळा कंद हवा असतो. आपलं रताळं त्यांच्याकडे 'शक्करियां'. बाजारात जाताना लक्षात ठेवा!

आधी मातीची परीक्षा

घरच्या मुलांना हाताशी घ्या. एका पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घाला. झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि बाटली स्थिर ठेवा. वाळू एक-दोन मिनिटांत तळाशी बसते. पोयटा बसायला एक-दोन तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात तरंगत राहते, मग सगळ्यात वर थर धरते. वरचा थर सगळ्यांत जाड दिसला तर तुमची माती अस्सल काळी आहे.

दुसरी परीक्षा हाताची. ओलसर मातीची तळहातावर वळी करा. करंगळीएवढी बारीक वळी झाली आणि ती वाकवून अंगठीसारखी जोडता आली, तर चिकणाचं प्रमाण बरंच आहे.

रो-हाऊसवाल्यांना अंगणातच बटाटा लावायचा असेल तर एकदा माती परीक्षण करून घ्यायला हरकत नाही. आपल्याकडची काळी माती बहुधा अल्कधर्मी असते, म्हणजे तिचा सामू ७ च्या वर असतो. बटाट्याला साधारण ५.५ ते ६.५ सामू आवडतो. थोडं वर गेलं म्हणून पीक येत नाही असं नाही, पण सालीवर खरबरीत खवले धरण्याचा रोग अशा मातीत जास्त दिसतो. हे लक्षात ठेवा, कारण राखेचा प्रश्न पुढे येणार आहे.

मिश्रण : घमेल्याच्या हिशोबानं

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी १५ बाय १५ इंचाची ग्रो बॅग सोयीची. तिच्यात सुमारे ४० लिटर मिश्रण मावतं. त्यासाठी माप असं धरा :

काळी माती २ घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट २ घमेली, भिजवून पिळलेलं कोकोपीट १ घमेलं, भाताचा तूस १ घमेलं. शिवाय प्रत्येक पिशवीमागे एक मूठ निंबोळी पेंड.

यातल्या प्रत्येकाला काम आहे. माती अन्न धरून ठेवते. कंपोस्ट अन्न देतं आणि चिकणमातीचे बारीक कण एकत्र बांधून त्यांचे रवे करतं. रव्यांच्या मधल्या फटीतून हवा आणि पाणी खेळतं. कोकोपीट ओल धरतं पण चिखल करत नाही. तूस मिश्रण पोकळ ठेवतो. निंबोळी पेंड थोडं नत्र देते आणि हुमणी, वाळवीला थोडी आवर घालते.

कोकोपीटची ५ किलोची वीट पाण्यात फुगून साठ-सत्तर लिटर होते, म्हणून एक वीट बऱ्याच पिशव्यांना पुरते. ते दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवा, कारण त्यात क्षार असू शकतात. तूस भातगिरणीत स्वस्त मिळतो.

"नुसती वाळू मिसळली तर?" असं बरेच जण विचारतात. चिकणमातीत थोडीशी वाळू घातली तर ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होऊ शकते. वाळूचा उपयोग व्हायला ती फार मोठ्या प्रमाणात लागते आणि मग पिशवीचं वजन गच्चीला झेपणार नाही. नुसत्या ओल्या मातीनं भरलेली ४० लिटरची पिशवी साठ किलोच्या आसपास जाते. वरचं मिश्रण तिच्यापेक्षा बरंच हलकं असतं. तरी पिशव्या गच्चीच्या मधोमध एकत्र न ठेवता कठड्यालगत, बीमच्या वर, विटांवर ठेवा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा. खालच्या मजल्यावर ओल उतरली तर बटाट्याची भाजी फार महागात पडेल!

अंगणात लावणाऱ्यांनी खणण्याची घाई करू नये. पाऊस संपल्यावर काळी माती वाफशावर यायची वाट बघा. वाफसा म्हणजे माती ना चिखल, ना दगड. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्यानं टिचकी द्या. गोळा चिकटून राहिला तर थांबा, भुसभुशीत फुटला तर कुदळ घ्या. ओल्या काळ्या मातीत कुदळ चालवली तर अशी ढेकळं बनतात की हिवाळाभर फुटत नाहीत. खणून झालं की चौरस मीटरला २ किलो कुजलेलं शेणखत मिसळा आणि सपाट वाफ्याऐवजी वीत-दीड वीत उंच वरंबे करा. दोन वरंब्यांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवा.

नानांचा आणि माझा वाद

आमचे सासरे, म्हणजे नाना, धुळे जिल्ह्यातले. तरुणपणी सुरतला आले आणि सगळी नोकरी मिलमध्ये झाली. मी दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहिते, त्यामुळे माझा ओढा मोजमापाकडे. मागच्या ऑक्टोबरात गच्चीवर मिश्रण करताना ते तिसरं घमेलं शेणखत ओतायला निघाले.

"नाना, दोन पुरेत," मी म्हटलं.

"शेणखतानं कधी कोणाचं वाईट झालंय का बेटा?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी वहीत हिशोब मांडून दाखवला. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. शेतात हेक्टरी २० टन शेणखत घातलं तरी चौरस मीटरला २ किलोच पडतं. आमच्या पिशवीचं तोंड जेमतेम ०.११ चौरस मीटर, म्हणजे शेताच्या मापानं सव्वादोनशे ग्रॅम. मिश्रण पोकळ राहावं म्हणून आपण त्याच्या कितीतरी पट आधीच घातलंय. शेतात जास्तीचं खत खाली मुरतं, पसरतं. पिशवीत ते जाणार कुठे? क्षार साठतात आणि नत्र जास्त झालं की झाड पानं वाढवत बसतं, बटाटे धरायला उशीर करतं. सुरतेची थंडी तोवर संपून जाते.

नानांनी वही नीट पाहिली. मग रिकामी पिशवी उलटी केली.

"हे पटलं. पण दुकानवाल्यानं हिला चारच भोकं पाडलीत. पाणी बसलं तर तुझं सगळं गणित बुडालं."

त्यांनी तळाला आणि तळापासून दोन बोटं वर बाजूनं अशी आणखी दहा भोकं पाडली. फेब्रुवारीत पिशव्या रिकाम्या केल्या तेव्हा एकाही पिशवीच्या तळाशी कुजका वास नव्हता. एका पिशवीतून किलो-सव्वा किलो बटाटे निघाले. गच्चीसाठी हे चांगलं उत्पन्न आहे.

रासायनिक खत घालावं का?

कंपोस्ट चांगलं असेल तर पिशवीत गरज पडत नाही. अंगणातल्या जमिनीत थोडं घालायचं असेल तर मोजून घाला. समजा, हेक्टरी १२० किलो नत्र द्यायचंय. म्हणजे चौरस मीटरला १२ ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा युरिया झाला सुमारे २६ ग्रॅम. तोही अर्धा लावणीला आणि अर्धा महिन्याभरानं भर देताना. हाच हिशोब ग्रो बॅगच्या तोंडाला लावला तर ३ ग्रॅम येतो, चहाचा एक चमचाही भरत नाही. आपण 'मूठभर' म्हणतो तेव्हा किती होतं, ते यावरून पाहा.

बटाट्याची खरी भूक पालाशची असते. बटाट्यात पिठूळपणा भरायला पालाश लागतं. त्यासाठी सल्फेट ऑफ पोटॅश चांगलं. म्युरिएट ऑफ पोटॅश स्वस्त असतं, पण त्यातल्या क्लोराइडमुळे बटाट्यातला पिठूळ भाग थोडा कमी होतो.

काय घालू नये

ताजं शेण : कुजताना तापतं, कोंब जाळतं आणि बरोबर हुमणीही आणतं.

चुलीची किंवा होमाची राख : तिच्यात पालाश असतं हे खरं, पण ती सामू वाढवते. आपली माती आधीच त्या बाजूला झुकलेली. राख बटाट्याला नको.

आरओचं वाया जाणारं पाणी : त्यात क्षार साठलेले असतात आणि बटाट्याला क्षार सोसत नाहीत. ते लादी पुसायला वापरा.

एरंडीची पेंड : गुजरातेत सहज मिळते आणि खत म्हणून चांगली आहे. पण ती विषारी असते. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर आणूच नका.

वांगी, टोमॅटो, मिरची यांची जुनी माती : ही सगळी बटाट्याची भावकी. एकाचा मर रोग दुसऱ्याला लागतो. मेथी, कोथिंबीर किंवा गवारीची माती चालेल.

निर्माल्याचं खत

विसर्जनाला दर सोसायटीत पोतीभर फुलं, दूर्वा, पत्री निघते. दोरे, प्लॅस्टिक, थर्माकोल आणि चमकी वेगळी काढा. फुलांचे तुकडे करा. एक थर निर्माल्य, एक थर वाळलेली पानं आणि वर थोडं जुनं कंपोस्ट किंवा ताक शिंपडा. आठवड्यातून एकदा उलथा. आपल्या हवेत दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. दिवस मोजा, नेमकं लावणीच्या वेळेला तयार!

वेळापत्रक

सण मागेपुढे होतात, म्हणून तारखाच देते.

१ ते १० ऑक्टोबर : माती गोळा करून गच्चीवर पातळ पसरा. ऑक्टोबरच्या उन्हात वाळू द्या आणि ढेकळं फोडा.

१० ते २० ऑक्टोबर : मिश्रण करा, ओलसर करा, पोत्यानं झाका. आठवड्यातून एकदा वरखाली करा. पेंड याच वेळी घाला, म्हणजे लावणीपर्यंत ती कुजून निवते.

१ नोव्हेंबरपासून : बेणं उजेडात पण सावलीत पसरून ठेवा, जाड आखूड कोंब येऊ द्या. भाजीवाल्याच्या बटाट्यावर कधी कोंब न यावेत म्हणून औषध मारलेलं असतं, तेव्हा बेणं म्हणून विकलेलाच घ्या. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांच्या नावात 'कुफरी' असतं. आपल्याकडच्या उबेत कुफरी सूर्या किंवा कुफरी पुखराज पाहा. 'कुफरी लवकर' असंही एक वाण आहे आणि ते नावाप्रमाणे लवकरच येतं!

१५ नोव्हेंबरच्या आसपास : रात्री गार वाटू लागल्या की लावा. पिशवी अर्धीच भरा. दोन-तीन डोळ्यांचे, ४०-५० ग्रॅमचे तीन तुकडे, कोंब वर करून. तुकडे केले असतील तर एक दिवस सावलीत सुकवून मग लावा. वर चार बोटं मिश्रण.

१५ डिसेंबरच्या आसपास : उरलेल्या मिश्रणाची भर द्या. बटाटा उघडा पडला आणि ऊन लागलं तर हिरवा होतो आणि त्यात सोलानिन वाढतं. असा बटाटा मुलांना देऊ नका, शिजवूनही तो विषारी भाग जात नाही.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा : पानं पिवळी पडू लागली की आठ-दहा दिवस पाणी बंद आणि मग काढणी.

मग बाजारातून का आणू नये?

मंडळातल्या तरुण मुलांचा हा प्रश्न रास्त आहे. कोकोपीट, पिशवी, बेणं यांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी घरचा बटाटा बाजारापेक्षा महागच पडतो. पैसे वाचवण्यासाठी हे करू नका.

माझं उत्तर वेगळं आहे. वाफसा, ढेकूळ, वरंबा, भर, पोयटा हे शब्द नानांच्या पिढीला विचार न करता येतात. माझ्या पिढीला ते अर्थ विचारून समजतात. माझ्या मुलीच्या पिढीला ते ऐकूसुद्धा येत नाहीत, कारण घरात ते बोलायची वेळच येत नाही. शब्दकोशातून 'वाफसा' समजत नाही, मूठ दाबूनच समजतो. आणि तो शिकवू शकणारी माणसं आज आपल्याच घरात संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेली आहेत. अजून दहा-पंधरा वर्षांनी कोणाला विचारणार?

तेव्हा या रविवारी बाटलीत माती भरा आणि घरातल्या ज्येष्ठांना सोबत बोलवा. बाटलीतल्या थरांचा फोटो, माती कुठल्या भागातली आहे ते आणि आजी-आजोबांनी सांगितलेला मातीचा एक तरी शब्द मंडळाच्या ग्रुपवर टाका. पुढच्या अंकात ते सगळे शब्द एकत्र छापू. बेणं कसं निवडायचं, कसं कापायचं, हेही तेव्हाच सविस्तर पाहू.

तोपर्यंत कुदळ तयार ठेवा, पण वाफसा आल्याशिवाय उचलू नका!